गुल्हाने सरांचं निळं पाणी

गुल्हाने सर यंदा निवृत्त झाले. त्यांच्या माजी विद्यार्थ्यांनी गौरव अंक काढायचं ठरवलंय आणि त्यासाठी मला फोन आला. "मॅडम, तुम्ही म्हणजे सरांच्या सगळ्यात लाडक्या. दोन पानं तरी पाहिजेतच." मी हो म्हणून बसले. लिहायला घेतलं तेव्हा कळलं की जे लिहावंसं वाटतंय ते अंकात छापण्यासारखं नाही, आणि छापण्यासारखं लिहायला हात चालत नाही. सरांवर चांगलं लिहिणारे पैशाला पासरी मिळतील. त्यांना खोटंही लिहावं लागणार नाही, कारण सर चांगलेच होते. माझी सगळी अडचण तिथंच आहे.

सर उंच, किडकिडीत आणि चालताना थोडे पुढे झुकलेले. जमिनीवर काहीतरी सांडलंय आणि ते कुठवर गेलं हे बघत चालल्यासारखे. शर्टाच्या खिशाला कायम एक निळा डाग. दोन्ही हातांची बोटं तर बारा महिने निळी. मेथिलिन ब्लू नावाचा रंग असतो, चिमूटभर टाकला तरी बादलीभर पाणी निळंशार होतं. सरांचा सगळा संसार त्या रंगाशी. एका निवडणुकीत मतदान केंद्रावरच्या माणसानं त्यांना अडवलं होतं. शाई लावायला बोट पुढं करा म्हटलं तर पाचही बोटं रंगलेली. "सर, तुमचं मतदान आधीच झालेलं दिसतं, तेही पाचदा," असं तो म्हणाला. सरांनी तिथंच, रांग खोळंबवून, शाई आणि मेथिलिन ब्लू यांतला फरक समजावून सांगितला. मागचे लोक वैतागले, पण एकही हलला नाही. सर काही समजावायला लागले की लोक ऐकत राहायचे, अशी त्यांच्या बोलण्यात गंमत होती.

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात ते रसायनशास्त्र शिकवायचे. पहिल्या दिवशी, हजेरीसुद्धा न घेता, त्यांनी टेबलावर एक लांब काचेची नळी उभी केली. नळीत खाली कापसाचा बोळा, त्यावर रेती, त्यावर काळा चुरा. "हे काय आहे?" कोणालाच सांगता येईना. "पऱ्हाटी," सर म्हणाले. आमच्याकडे कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उभी राहतात ती पऱ्हाटी. चुलीत घालायची नाहीतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवून द्यायची, एवढाच तिचा उपयोग आम्हाला ठाऊक. सरांनी ती बंद डब्यात भाजून, वाफ देऊन तिचा कोळसा केला होता. वरून निळं पाणी ओतलं. खालून थेंब थेंब पडायला लागलं ते नितळ स्वच्छ. वर्गानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

सर टाळ्या संपेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "झाल्या? आता घाबरा."

आणि त्यांनी प्रयोगाचा दुसरा भाग केला. साध्या पाण्यात बिनरंगी असं काहीतरी थेंबभर टाकलं आणि ते त्याच नळीतून, पिऊन पिऊन पोट भरलेल्या त्याच कोळशातून सोडलं. वरून ओतलं तेही स्वच्छ, खालून आलं तेही स्वच्छ. "निघालं का? सांगा ना. आता वाजवा टाळ्या." मग ग्लास बाकांवरून फिरवला, नुसता हुंगायला. दवाखान्यात शिरल्यावर येतो तसा वास. "डोळ्याला जे दिसतं ते निघालं की माणूस खूष होतो," सर म्हणाले. "रंग गेला म्हणजे घाण गेली, असं मानणारा माणूस मी पास करणार नाही."

हे वाक्य ते दर वर्षी म्हणत आणि दर वर्षी नव्या मुलांच्या अंगावर काटा येई. प्रयोगाचा पहिला भाग पाच मिनिटांचा, दुसरा तासभराचा. पाहुण्यांसमोर, विज्ञान प्रदर्शनात, कुठंही वेळ कमी पडला तर ते पहिला भाग गाळायचे, दुसरा नाही.

त्यांच्याकडून शिकलेलं मी आजही माझ्या मुलांना त्यांच्याच शब्दांत सांगते, ते टाळता येत नाही. कोळसा म्हणजे धर्मशाळा, जागा आहे तोवर पाहुणे ठेवून घेते, भरली की नवा पाहुणा समोरून शिरतो आणि मागच्या दारानं निघून जातो. ब्लीचिंग म्हणजे भांडण. रंगाच्या रेणूला मध्येच तोडतं, रंग जातो, पण तुकडे पाण्यातच राहतात, आणि काही तुकडे आख्ख्यापेक्षा वाईट. लोखंड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून त्या तुकड्यांचेही तुकडे करतात, पण त्यांना वेळ द्यावा लागतो. कारखानदाराकडं बाकी सगळं असतं, वेळ तेवढा नसतो. उन्हात टायटॅनियम ऑक्साइडची पांढरी पूड टाकूनही तेच काम होतं. आणि जिवाणू सगळ्यांत शहाणे, ते घाण खाऊन टाकतात, फक्त त्यांना आधी सवय लावावी लागते. "पोरं जशी दोडक्याला सवकतात तसं," सर म्हणायचे.

"काढलं, मग ठेवलं कुठं?" हा त्यांचा दुसरा मंत्र. कॉलेजच्या शिपायानं एकदा वापरलेला कोळसा मागच्या कडुनिंबाखाली ओतला, तर सरांनी तो खुरप्यानं मातीसकट परत भरून घेतला. असा पोट भरलेला कोळसा ते फेकू देत नसत. डब्यात भरून, चिठ्ठी लावून घरी नेत. घराच्या माळ्यावर डबेच डबे. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणायच्या, "आमच्या घरी दिवाळीले चिवडा ठेवाले डबा नाही, अन् ह्यांच्या कोळशाले बारा." प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये मोठं पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं तेव्हा सगळे कौतुक करत होते आणि सर त्या यंत्राच्या मागं वाकून टाकाऊ पाण्याची नळी कुठं जाते ते शोधत होते. ती कढीपत्त्याच्या बुंध्याशी सोडलेली निघाली. "म्हणजे इथून काढून आमटीत घातलं," असं त्यांनी प्राचार्यांना तोंडावर सांगितलं. प्राचार्य हसले, पण नळी त्या दिवशीच हलली.

असा माणूस. त्यांच्यामुळं मी रसायनशास्त्र घेतलं, त्यांच्यामुळं एम.एस्सी. झाले, आज दारव्ह्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते तीही त्यांचीच कृपा. सर मला आधी "पोरी" म्हणायचे, नोकरी लागल्यापासून मुद्दाम मान लववून "नगराळे मॅडम" म्हणायला लागले. ते मला फार आवडायचं.

त्यांच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळ एक टेबल कायम रिकामं असायचं. त्यावर कोणी साधी वहीही ठेवायची नाही. गणपतीत कोणीतरी त्यावर प्रसादाचं ताट ठेवलं, तर सरांनी नमस्कार करून ताट उचललं आणि दुसरीकडं ठेवलं. "जागा आरक्षित आहे," म्हणायचे. त्या जागी त्यांना एक यंत्र हवं होतं. पाण्यात विरघळलेल्या बिनरंगी वस्तू एकेक करून वेगळ्या काढणारं आणि पडद्यावर दाखवणारं. स्वच्छ पाणी असेल तर सरळ रेघ, काही असेल तर रेघेवर टेकडी उभी राहते. नागपूरला कुठल्याशा प्रयोगशाळेत त्यांनी ते पाहिलं होतं आणि परत आल्यावर आठवडाभर दुसरं काही बोलले नव्हते. "आपण आंधळे आहोत पोरी," ते म्हणाले होते. "मी तीस वर्षं मुलांना घाबरा घाबरा सांगतो, पण मी स्वतः त्यातलं काही पाहिलेलं नाही." त्यांनी दर वर्षी अर्ज केला आणि दर वर्षी ते यंत्र तालुक्याच्या कॉलेजला कशाला, असं उत्तर आलं. टेबल रोज पुसलं जायचं.

आता आमच्या गावाचं सांगते. घाटंजीकडं, रस्त्यापासून आत, नाल्याच्या काठी गाव. गावाच्या एका टोकाला आमची बौद्धांची वस्ती आणि वस्तीची स्वतःची विहीर. धर्म बदलल्यावर आमच्या आजोबांच्या पिढीनं ठरवलं की पाण्यासाठी यापुढं कोणाच्या तोंडाकडं बघायचं नाही. बायाबाप्यांनी मिळून ती खणली. तिला कधी उन्हाळ्यात तळ दिसला नाही. आमच्याकडं नवी सून आली की आधी विहारात नेतात आणि मग विहिरीवर.

मी शिकत असताना सर एकदा आमच्या गावी आले होते, फवारणीचं विष पाण्यात कसं उतरतं ते बायांना सांगायला. काळीपिवळी जीपनं आले, मांडीवर काचेची नळी धरून. वस्तीत निळं पाणी केलं तेव्हा आमचा एक म्हातारा म्हणाला, "सर, सगळं काढा, पन निळा रंग नोका काढू. तो आपला आहे." सर पोट धरून हसले. मग आई म्हणाली, "सर, आमच्या इहिरीचं पानी पाह्यता काय? त्यात काही आहे काय?" सर बाटली भरून घेऊन गेले. त्यांना जेवढं तपासता येत होतं तेवढं सगळं तपासलं आणि पुढच्या आठवड्यात मला बोलावून म्हणाले, "आईला सांग, प्रयोगशाळेत तुलनेला जे स्वच्छ पाणी लागतं, ते मी आता तुमच्या विहिरीचं वापरणार आहे." आईनं हे किती जणांना सांगितलं असेल देव जाणे. माझ्या लग्नातही सांगितलं. गुल्हाने सर म्हणजे खऱ्याचा माणूस, हे आमच्या वस्तीत तेव्हापासून पक्कं झालं.

पुढं नाल्याच्या वरच्या अंगाला सुताला रंग द्यायचा कारखाना आला. पहिली दोन वर्षं नाला ज्या रंगानं वाहील त्यावरून आज आत कुठला रंग चाललाय ते कळायचं. लाल, हिरवा, मोरपंखी. गुरं पाण्याला तोंड लावेनात. तक्रारी झाल्या, आणि कारखान्यानं शुद्धीकरणाच्या टाक्या बांधल्या. ब्लीचिंग आणि कोळसा. नाला एका आठवड्यात आरशासारखा झाला. गावानं सुटकेचा निःश्वास टाकला. त्याच पावसाळ्यानंतर आमच्या विहिरीच्या पाण्याचा चहा वेगळा लागायला लागला. पाणी दिसायला तसंच, नितळ. सरकारी तपासणीत नेहमीच्या चाचण्या ठीक आल्या, कारण नेहमीच्या चाचण्यांत हे धरलेलंच नसतं. आई फोनवर म्हणाली, "वैशू, चहाले दवाखान्यासारखा वास येऊन राह्यला ओ." तो वास मी वर्गात हुंगला होता.

ग्रामसभा बसली. कारखाना म्हणे पाणी स्वच्छ आहे, वस्ती म्हणे नाही. आवाज वाढले. तेव्हा माझी आई उठली. तिच्या हिशेबानं प्रश्न सोपा होता.

"भांडण कायले करता? गुल्हाने सराले बोलवा," ती म्हणाली. "ते याईचेही नाही अन् आमचेही नाही. ते म्हनतीन ते आमाले कबूल."

कारखान्याचा मॅनेजर लगेच म्हणाला, "आम्हालाही कबूल." कोणाशी बोलला नाही, कोणाला फोन केला नाही. त्याच्या घाईची शंका कोणालाच आली नाही, उलट बरं वाटलं. तसा ठराव झाला. सर म्हणतील ते दोन्ही बाजूंना मान्य, नंतर कोणी तक्रार करायची नाही. अशी चूक आमचीच माणसं करू जाणोत. दुसऱ्याच्या विहिरीवर विसंबायचं नाही म्हणून स्वतःची खणली, आणि तिचा निवाडा एका माणसाच्या जिभेवर सोडून मोकळे झाले.

त्या दिवशी मी सुट्टी टाकून गेले. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. सर कारखान्याच्या गाडीतून उतरले. आई म्हणाली, "बरं झालं गाडीनं आनलं, वय झालं आता त्याईचं." मला ती गाडी टोचली, पण सर उतरले ते त्याच निळ्या बोटांनी, तसेच पुढं झुकलेले, आणि मला हायसं वाटलं. त्यांनी नळी उभी केली. कारखान्याच्या टाकीतला कोळसा भरला. निळं पाणी ओतलं. सगळं गाव माना पुढं काढून बघत होतं. खालून स्वच्छ थेंब पडायला लागले आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. आमच्या वस्तीनंही वाजवल्या.

मी वाजवल्या नाहीत. मी पुढच्या वाक्याची वाट बघत होते. आता थांबतील, टाळ्या संपू देतील, आणि म्हणतील. हे गाव आता घाबरेल, आणि ते घाबरणं बरोबर असेल. मला आतून आनंदच होत होता.

सर टाळ्या संपेपर्यंत थांबले. रुमालाला हात पुसले. "बघितलंत? टाक्या चांगलं काम करतात. पाणी स्वच्छ आहे," असं म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

मला वाटलं ते विसरले. खरंच वाटलं. मी उभी राहिले. "सर, आणि दुसरा भाग?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं. "नगराळे मॅडम, तो भाग कॉलेजातला आहे. गावासाठी एवढा पुरे."

मग आई उठली. तिला आमच्या दोघांतलं काही कळलं नव्हतं. ती आपली सरांवर भरवसा ठेवून विचारत होती. "सर, पानी साफ दिसते, ते त आमालेही दिसते. पन चहाले दवाखान्यासारखा वास काहून येते?"

"चहापत्ती बदलून पाहा ना, ताई," सर म्हणाले.

मांडव हसला. मॅनेजर तर मांडीवर थाप मारून हसला. आईही थोडी हसली, कारण सर विनोद करताहेत हे तिला कळलं होतं, आणि मोठ्या माणसानं आपल्याशी विनोद केला तर हसायचं असतं. केसानं गळा कापणं कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. परक्या माणसानं, विकत घेतलेल्या कुठल्या तज्ज्ञानं हे केलं असतं तर मी भांडले असते, कोर्टात गेले असते. पण हा माणूस तर माझ्याच हातातलं हत्यार माझ्याच हातातून काढून घेऊन गेला होता. मला जे काही बोलता आलं असतं ते मी त्यांच्याकडूनच शिकले होते, आणि गावानं शिष्याचं नाही, गुरूचंच ऐकायचं ठरवलं होतं. मी खाली बसले. सर निघताना आईनं त्यांच्या पायांना हात लावला. मला ते बघवलं नाही.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, ते पाणी पिऊ नकोस. नाल्यापलीकडच्या हातपंपाचं आण. आई म्हणाली, "सराईनं सांगतलं ना साफ आहे म्हनून. तू त्याईच्यापेक्षा जास्त शिकली काय?"

"आई, सर खोटं बोलले."

"हट. असं म्हनू नये गुरूले."

तिनं चहापत्ती मात्र बदलली. वासात फरक नाही असं तिनं मला फोनवर सांगितलं, आणि मग स्वतःच म्हणाली की आता सवय झाली.

महिना दोन महिन्यांनी सरांच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याकडून बातमी कळली. खिडकीजवळच्या रिकाम्या टेबलावर यंत्र आलं होतं. कारखान्याच्या मालकानं भेट दिलं. पितळी पाटीवर मालकाचं नाव, शेजारी उद्घाटनाला गळ्यात हार घातलेल्या सरांचा फोटो. सरांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही हो. गाडी नाही, बंगला नाही, पोराची नोकरी नाही. घेतलं असतं तर मी त्यांना लोभी म्हणून मोकळी झाले असते. त्यांनी डोळे घेतले. ज्या डोळ्यांनी आमची विहीर दिसली असती, ते मिळवण्यासाठी त्यांनी आमची विहीर न पाहिल्यासारखी केली. हा हिशेब मी किती वेळा मांडला असेल, तो माझ्याच्यानं सुटत नाही.

खासगी प्रयोगशाळेत पाणी पाठवावं असं कोणीतरी सुचवलं. पण ठराव होता सरांच्या शब्दाचा. दुसऱ्या कोणाचा कागद नेला असता तर मॅनेजरनं तोच ठराव वाचून दाखवला असता. आणि माझ्या आईनं तरी मानला असता का? सरांनी केलेलं सरांनीच उलटवलं तरच काही होणार होतं. म्हणून मी सरांकडे जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी आईनं थंड पेयाची रिकामी बाटली विहिरीच्या पाण्यानं भरून माझ्या हातात दिली. "एवढं जाऊनच राह्यली त सराच्या मशीनीत टाकून पाह्य. ते सांगतीन ते खरं." असा नमुना प्लास्टिकच्या बाटलीत नेत नाहीत हे मला माहीत होतं. पण बाटलीला तिनं वरून ओला रुमाल गुंडाळला होता, पाणी तापू नये म्हणून. मला ती परत देववेना.

प्रयोगशाळेत शिरले तर सर एकटेच. मला वाटलं होतं मला बघून ते ओशाळतील. निदान उठतील, काहीतरी सारवासारव करतील, "परिस्थिती अशी होती" असं काहीतरी म्हणतील. त्या सगळ्याची उत्तरं मी काळीपिवळीत बसून तयार केली होती. पण सर मला बघून खुलले. "आलीस? मी वाटच बघत होतो. तू पाहिलंच नाहीस अजून." हाताला धरून त्यांनी मला यंत्रापाशी नेलं. कुठलं बटण कशाचं, आत काय फिरतं, सगळं दाखवलं. मी बाटली टेबलावर ठेवली. कुठली आहे ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना कळलं.

"बाहेरचा नमुना लावायचा नाही असं ठरलंय त्यांच्याशी," ते म्हणाले आणि दार लोटून घेतलं. "पण तू आहेस म्हणून लावतो."

पाणी गाळून आत गेलं. पडद्यावर रेघ सरकायला लागली. सरळ, सरळ, सरळ. मग तिनं मान वर केली. एक टेकडी उभी राहिली, उतरली, दुसरी उभी राहिली, तिच्या पाठोपाठ एक बुटकी. सर स्टुलावरून उठले. सुताच्या रंगांचे तुकडे कुठं दिसतात त्याचा नकाशा त्यांनी आधीच काढून ठेवला होता. तो पडद्याशेजारी धरला. टेकड्या बरोबर जागच्या जागी.

"पाह्य वं पोरी, पाह्य!" सरांचं शिकवण्याचं मराठी सुटलं आणि घरचं बोलणं तोंडात आलं. "मी म्हणत होतो का नाही? रंग गेला तरी तुकडे राह्यतेच! ब्लीचिंगनं तोडले अन् तसेच सोडून देल्ले! बरोबर होतो ना मी? सांग, होतो ना बरोबर?" त्यांचे डोळे भरून आले होते. इतका आनंदी माणूस मी क्वचित पाहिला आहे.

"होता सर," मी म्हटलं. "आता तेवढं लिहून द्या. आमच्या विहिरीत हे सापडलं, एवढंच. खाली तुमची सही."

"ते कसं देता येईल?" त्यांना माझं नवल वाटलं. "लिहून दिलं तर उद्या गाडी आणून हे उचलून नेतील ते. मग पुढचं कोण बघणार?"

"पुढचं काय, सर?"

त्यांनी निळं बोट पडद्यावर टेकवलं. "ही बुटकी कशाची आहे ते मला अजून कळलेलं नाही."

"सर, माझी आई हे पाणी पिते. तुम्ही सांगितलं म्हणून पिते."

त्यांनी बोट पडद्यावरून काढलं. मला वाटलं, पोचलं. रेघ पुढं सरकली आणि त्यांची मान तिच्याबरोबर वळली. "कमी करायला सांग," ते म्हणाले.

मी पिशवी उचलली. दारापर्यंत आले तेव्हा त्यांनी हाक मारली, अगदी जुन्या मायेनं. मी थांबले. आजही मला स्वतःची कीव येते, की मी आशेनं थांबले. सर पडद्याकडं वाकलेलेच होते, पाठ माझ्याकडं.

"पुढल्या वेळी काचेच्या बाटलीत आण," ते म्हणाले. "ही बुटकी प्लास्टिकचीही असू शकते."